गुदाम कोणाच्या जवळ?

कारखाना सर्वांना दिसतो, दुकानही दिसते. परंतु या दोहोंच्या मध्ये माल जेथे विसावतो, ते गुदाम सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. ती जागा कोणी निवडली आणि कोणाच्या सोयीने निवडली, हा प्रश्न दुकानातील फळी रिकामी दिसेपर्यंत कोणाला पडत नाही. वास्तविक एखादी वस्तू किती दिवसांत मिळेल, किती भावाने मिळेल आणि मुळात मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी या निवडीवरच अवलंबून असते.

आपल्या देशात ही निवड दीर्घकाळ ग्राहकाकडे पाहून नव्हे, तर कराकडे पाहून होत आली. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेर, पण बाजारपेठेच्या निकट, भिवंडीच्या परिसरात गुदामांची नगरीच उभी राहिली. आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर पडे. आपल्याच दुसऱ्या गुदामात माल हलविल्यास तो पडत नसे. साहजिकच राज्यागणिक एक गुदाम ठेवण्याचा प्रघात मोठ्या कंपन्यांत रूढ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात संपली आणि ही कृत्रिम कारणे दूर झाली. भिवंडी मात्र ओस पडली नाही. कारण महामार्ग आणि मुंबई-ठाण्याची प्रचंड मागणी तिच्या शेजारीच होती. कराची बंधने सुटल्यावर मागणी हाच निवडीचा मुख्य आधार ठरावा, हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो मागणी म्हणजे काय, हा.

नकाशाचा मध्य म्हणजे मागणीचा मध्य नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. नागपूर देशाच्या मध्यभागी म्हणून तेथून सर्वांना सारखाच माल पोचेल, असे म्हणणे सोपे असते. पण माणसे नकाशावर समप्रमाणात पसरलेली नसतात. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली उद्योगांच्या स्थाननिश्चितीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून अंतराला मालाच्या वजनाची जोड देण्याची पद्धत शास्त्रात रुळली आहे. तिचे एक सोपे प्रात्यक्षिक आहे. फळीवर नकाशा चिकटवावा, प्रत्येक गावाच्या जागी भोक पाडून त्यातून दोरी सोडावी, दोरीला त्या गावाच्या मागणीइतके वजन बांधावे आणि वरच्या बाजूस सर्व दोऱ्यांची एकच गाठ मारावी. ही गाठ जेथे स्थिरावेल, तेथे वाहतुकीचा एकूण खर्च सर्वांत कमी.

युक्ती निर्दोष आहे. पण तिच्या पोटात एक कठोर सत्य दडलेले आहे. समजा, तालुक्याच्या गावाची मागणी साठ गाड्यांची आणि भोवतालच्या चार खेड्यांची प्रत्येकी दहा गाड्यांची आहे. गुदाम तालुक्यातून एक मैल बाहेर नेले, तर साठ गाड्यांचे अंतर मैलाने वाढते आणि चारही खेडी त्याच दिशेला असली तरी चाळीसच गाड्यांचे घटते. म्हणजे एका ठिकाणाचे वजन निम्म्याहून अधिक झाले की गाठ त्याच भोकाशी जाऊन बसते. खेडी दोन मैलांवर आहेत की वीस, याने निर्णयात तसूभरही फरक पडत नाही!

व्यापाऱ्याने हा हिशेब मानला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु शिधावाटप, औषधे, बियाणे आणि खते यांच्या वितरणालाही तोच नियम लावणे अन्यायाचे होईल. कारण मागणी मोजली जाते ती झालेल्या विक्रीवरून. जेथे माल पोचतच नाही तेथे विक्री नोंदली जात नाही, आणि विक्री नाही म्हणून गुदाम नाही. शिवाय खेड्यातला माणूस तालुक्याला जाऊन खरेदी करतो, तेव्हा त्याची गरज तालुक्याच्या खात्यावर जमा होते. गरज आणि क्रयशक्ती यांतील हे अंतर कोणतीही दोरी दाखवीत नाही.

अंतरही केवळ मैलांत मोजून भागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याचे अनेक पावसाळ्यांनी पाहिले आहे. अशा भागात पावसाळ्याचे धान्य आधीच पोचवून ठेवावे लागते, याचा अर्थ स्पष्ट आहे: तेथे साठा नदीच्या कोणत्या तीरावर आहे, हा प्रश्न सरासरी अंतरापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

लहान गुदामे वाढविली की साठा विभागला जातो, राखण वाढते, नासाडीचा धोका वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. पण एका मोठ्या गुदामाने वाचणारा खर्च नाहीसा होत नाही. त्यातला पुष्कळसा भाग दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. तो शिध्यासाठी बुडविलेल्या रोजाच्या रूपाने मजूर भरतो. फक्त शासनाच्या हिशेबवहीत त्याला रकाना नसतो.

म्हणून सार्वजनिक वितरणाची जागा ठरविताना विक्रीऐवजी लोकसंख्या आणि शिधापत्रिका यांचे वजन धरावे, रस्ता भर पावसाळ्यात तपासावा, आणि सरासरी अंतराबरोबरच सर्वांत दूरच्या ग्राहकाचे अंतरही निर्णयाच्या कागदावर लिहिले जावे. त्यानंतरही एखादे गुदाम तालुक्यालाच राहिले तर राहो. मात्र दूरच्या गावांसाठी उपगुदामाची तरतूद त्याच कागदावर असली पाहिजे.