माराकाना नवे झाले, पण कोणासाठी?

रिओ दि जानेरोचे माराकाना स्टेडियम 1950 च्या विश्वचषकासाठी सार्वजनिक पैशातून बांधले गेले. घोड्यांच्या शर्यतींच्या जुन्या मैदानावर ऑगस्ट 1948 मध्ये पायाभरणी झाली. स्टेडियम दूरच्या जाकारेपाग्वात न्यावे, असा राजकारणी कार्लोस लासेर्दा यांचा आग्रह होता. सगळ्या शहराला सहज पोहोचता येईल अशीच जागा हवी, ही बाजू क्रीडा पत्रकार मारिओ फिल्यो यांनी आपल्या दैनिकातून लढवली आणि जिंकली. 1966 मध्ये त्यांच्या निधनानंतर स्टेडियमला त्यांचेच नाव देण्यात आले.

16 जुलै 1950 रोजी उरुग्वेने ब्राझीलला इथे 2-1 असे हरवले, तेव्हा 1,73,850 प्रेक्षक तिकीट काढून आले होते. प्रत्यक्ष गर्दी दोन लाखांच्या घरात होती असे मानले जाते. वर सिमेंटच्या सलग पायऱ्या आणि खाली मैदानाला वेढणारा, उभ्याने सामना पाहण्याचा ‘जेराल’ हा भाग, यामुळेच एवढी माणसे मावली. जेरालमधून खेळ धड दिसत नसे, पाऊस आला की भिजावे लागे. पण तिकीट सर्वांत स्वस्त असल्याने हातावर पोट असलेला माणूसही तिथे येऊ शके.

दुरुस्तीची गरज होती, हे मात्र मान्य करावे लागेल. 19 जुलै 1992 रोजी फ्लामेंगो आणि बोताफोगो या क्लबांच्या सामन्यात वरच्या मजल्याचा कठडा तुटून तीन प्रेक्षक दगावले. त्यानंतर क्षमता घटवण्यात आली आणि 2000 च्या क्लब विश्वचषकासाठी वरच्या पायऱ्यांवर खुर्च्या आल्या. 2005 मध्ये जेराल कायमचा बंद झाला. 2010 ते 2013 या काळात तर पुढच्या विश्वचषकासाठी आतला जवळजवळ सगळा भाग पाडून नव्याने बांधला गेला आणि क्षमता सुमारे 78 हजारांवर आली. वारसा म्हणून संरक्षण मिळालेल्या वास्तूचे मूळ काँक्रीटचे छप्परही या कामात पाडले गेले. सुमारे 70 कोटी रिआलचा ठेका 100 कोटींच्या पुढे गेला.

सुरक्षेसाठी उभ्याची जागा जाणे अटळ होते, हा युक्तिवाद टिकत नाही. 1992 चा अपघात जेरालमध्ये झाला नव्हता. तुटला तो वरचा कठडा. जर्मनीत डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे 25 हजार लोक उभ्याने सामना पाहतात आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांना तिथे खुर्च्या बसवल्या जातात. 2006 च्या विश्वचषकाचे सामने याच स्टेडियममध्ये झाले. इंग्लंडनेही 2022 पासून वरच्या दोन श्रेणींच्या क्लबांना सुरक्षित उभ्या जागांची परवानगी दिली आहे. महिनाभराच्या स्पर्धेचा सर्वांना खुर्ची देण्याचा नियम पाळण्यासाठी स्वस्त जागा कायमची काढून टाकण्याचे कारण नव्हते.

नूतनीकरणानंतरचा कारभारही समाधानकारक ठरला नाही. 2013 मध्ये स्टेडियम खासगी कंपन्यांच्या हाती गेले. 2016 च्या ऑलिम्पिकनंतर देखभाल कोणी करायची, यावर कंपन्या, आयोजक आणि राज्य सरकार यांच्यात वाद झाला. 2017 च्या सुरुवातीला हिरवळ वाळलेली, खुर्च्या गायब आणि वीज तोडलेली अशी त्याची स्थिती होती. अखेर 2019 मध्ये फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या क्लबांकडे कारभार आला.

यापुढे कुठल्याही शहराने स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी सार्वजनिक पैसा देताना तीन अटी आधीच करारात घालाव्यात. एकूण जागांचा ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या दरात राहावा, उभ्याची जागा गरजेनुसार खुर्च्या बसवता येतील अशी बांधावी, आणि स्पर्धा संपल्यानंतरच्या देखभालीचा खर्च कोणी उचलायचा हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरावे. या अटी ज्या आराखड्यात नसतील, त्याला सरकारी तिजोरीतून निधी देऊ नये.

– एक वाचक, कोल्हापूर