ट्रेनिंग कोणाला, पोराला की स्कॅनरला?

मंडळी, 'युजरला ट्रेनिंग द्या' हे वाक्य मीटिंगमध्ये टाकणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस आमच्या पहूरच्या मेडिकलच्या काउंटरवर उभं करायला हवं. तेही बाजाराच्या दिवशी. (पहूर म्हणजे जळगावहून अजिंठ्याला जाताना लागतं ते. चहाला थांबलाही असाल.)

१ ऑगस्ट २०२३ पासून बनणाऱ्या ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. छान झालं. पण दुकानात काय होतं? जीएस१ पद्धतीचा कोड स्कॅन केला की स्कॅनर सगळं एका दमात ओततो, कोणी कीबोर्ड बडवावा तसं: ०१ आणि पुढे १४ आकडी वस्तू क्रमांक, १७ आणि पुढे एक्सपायरी, १० आणि पुढे बॅच नंबर. ओळखीच्या दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरला मात्र आधी बॅच हवा, मग तारीख. म्हणून तिथला पोरगा स्कॅनर बाजूला ठेवून हातानेच टाईप करतो. सॉफ्टवेअरवाल्याचं उत्तर: "भाऊ, पोराला शिकवा."

काय शिकवा? कोडमधून तारीख २७०५३१ अशी येते. तुम्ही-आम्ही ती २७ मे २०३१ वाचू. जीएस१मध्ये वर्ष आधी असतं, म्हणजे ती ३१ मे २०२७. चार वर्षांचा फरक, आणि तोही औषधात!

अहो, स्कॅनरला शिकवा की! चांगल्या स्कॅनरच्या मॅन्युअलमध्ये डेटा फॉरमॅटिंगचं प्रकरण असतं, झेब्रावाले त्याला एडीएफ म्हणतात. त्यातले बारकोड ओळीने स्कॅन केले की नियम बसतो: आधी बॅच, मग टॅब, मग तारीख दिवस-महिना-वर्ष अशी फिरवून, शेवटी एंटर. फक्त 'एकोणिसाव्या अक्षरापासून सहा अक्षरं' असं मोजून कापू नका. बॅच नंबर २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असतो आणि भागांचा क्रम प्रत्येक कंपनी सारखाच ठेवेल असं नाही. नुसतं '१०' शोधलं तर ते वस्तू क्रमांकाच्या पोटातही सापडेल. जीएस१चे भाग ओळखून तोडणारा स्कॅनर घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच स्कॅनरना हे जमत नाही, तेव्हा मॅन्युअल खरेदीच्या आधी वाचा.

'हा जुगाड आहे, खरी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्येच हवी' असं कोणी म्हणेलच. मान्य. मग करा ना! तुम्ही करेपर्यंत दुकान बंद ठेवायचं का?

आणि हो, सेटिंगचे ते बारकोड छापून काउंटरमागे चिकटवा. मॅन्युअलमध्ये फॅक्टरी रिसेटचाही बारकोड असतो, आणि तो कधी ना कधी कोणीतरी स्कॅन करतंच.