हेडफोन विकताय ना? मग ईक्यूही लावून द्या

या आठवड्याच्या व्हिडिओत मी मोबाईलमधला पाच स्लायडरचा इक्वलायझर वापरून दाखवला. व्हिडिओ बघता बघता आकडे लिहून घेणं जमत नाही, म्हणून ते इथे देतोय. आणि वेळेअभावी तिथे बोलायचं राहिलेलं माझं मतही लिहितोय, कारण दुकान टाकायला निघालेल्या माणसाला आकड्यांपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

मत असं आहे. धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान चालवायचं असेल, तर वायरलेस हेडफोनचा आवाज गिऱ्हाइकाच्या कानाला बसवून देणं हे विक्रीतच धरायचं. तुम्ही विकता तोच नेकबँड ऑनलाइन पन्नास-शंभर रुपयांनी स्वस्त मिळतो, हे गिऱ्हाइकाला तुमच्याआधी माहीत असतं. भावात तुम्ही त्या कंपन्यांना कधीच हरवणार नाही. पण डब्यातून काढलेला हेडफोन त्या माणसाच्या कानात नीट वाजतोय की नाही, हे बघायला तिथे कोणी बसलेलं नाही. तुम्ही बसला आहात.

आता आपल्याकडे विक्री कशी होते ते बघा. गिऱ्हाईक आलं की दुकानदार डीजेचं रिमिक्स लावतो, आवाज फुल करतो, बास बूस्ट चालू करतो आणि विचारतो, “कसा वाटते जी?” गिऱ्हाईक खूश, कारण दोन आवाजांतला जो मोठा तो माणसाच्या कानाला चांगला वाटतो. ही कानाची सवयच आहे. त्यात दर्जाचा काही संबंध नाही. चार दिवसांनी तेच पोरगं परत येतं. “भाऊ, यात सरांचं बोलणं समजूनच नाही राहिलं, नुसतं घुमते.” कारण तो घरी डीजे ऐकतच नाही. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज तीन-तीन तास गणित आणि बुद्धिमत्तेचे लेक्चर ऐकतोय. हेडफोन खराब नाही. तुम्ही त्याला जे विकलं ते त्याच्या कामाचं नव्हतं.

म्हणून डेमोच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही जास्त काय ऐकता? आपल्या भागात उत्तरं साधारण ठरलेली आहेत. भरतीवाल्यांचे लेक्चर. लग्नातली गाणी. गोंडी रेला गाणी, ढोलासकट. आणि झाडीपट्टीची नाटकं. वडशाच्या कंपन्यांचं नाटक दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर चालतं, लोक मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि पुढे वर्षभर ऐकतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर तर जुनी रेकॉर्डिंग शोधणारेही वाढले. हे सगळं ऐकणाऱ्या माणसाला एकच सेटिंग कसं चालेल?

आता आकडे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधल्या साध्या इक्वलायझरला पाच स्लायडर असतात: ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झ. माणसाचा कान ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, म्हणजे एवढ्या मोठ्या पसाऱ्याला पाचच नळ. कोणता नळ कशाचा ते गाण्यावरून लक्षात ठेवा. ६० म्हणजे ढोलाचा आणि डीजेचा छातीत बसणारा धक्का. २३० म्हणजे आवाजाचा जाडपणा, तबल्यातल्या डग्ग्याची घुम. इथे जास्त झालं की माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. ९१० मध्ये बोलण्याचा आणि पेटीचा गाभा. ३,६०० म्हणजे शब्दांची धार: स, श, ट, क ही अक्षरं इथे उमटतात, आणि आपला कान याच्या आसपासच सगळ्यात तिखट असतो. १४,००० ला झांजेची चमक, आणि खराब रेकॉर्डिंग असेल तर नुसती सूं-सूं.

लेक्चरवाल्या पोराला मी ६० वजा ४, २३० वजा ३, ९१० शून्यावर, ३,६०० अधिक २ आणि १४,००० शून्यावर लावून देतो. नाटकाच्या रेकॉर्डिंगला याहून कडक लागतं. मंडपात लाऊडस्पीकरची घुम, जनरेटर, लोकांचा गलका, सगळं त्या मोबाईलच्या माइकमध्ये गेलेलं असतं. तिथे ६० थेट वजा ६, २३० वजा ४, ९१० अधिक १, ३,६०० अधिक २, आणि १४,००० वजा ३. संवाद एकदम पुढे येतात. नाटक ऐकणारी माणसं बहुतेक वयाने मोठी असतात. वय वाढलं की बारीक, तीक्ष्ण आवाज आधी ऐकू यायचे कमी होतात, म्हणून ती आवाज वाढवत नेतात. ३,६०० थोडं वर केलं तर आवाज न वाढवता त्यांचं काम भागतं.

हे आकडे म्हणजे सुरुवात आहे. प्रत्येक हेडफोन वेगळा, प्रत्येक कान वेगळा. इथून एकेक स्लायडर एक-दोन घरं हलवत गिऱ्हाइकाला विचारत जायचं.

बघा, मी जास्त करून खाली आणतोय. वर नेलेलं फार थोडं आहे. याचं कारण नीट समजून घ्या, कारण “ईक्यू लावला की आवाज फाटतो” ही तक्रार इथूनच येते. आजकालची गाणी आधीच काठोकाठ भरून रेकॉर्ड केलेली असतात. भरलेल्या गुंडात आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच. आवाजाचं सांडणं म्हणजे फाटणं. शिवाय ३ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात दुप्पट ताकद लागते, १० वाढवले की दहापट. काही फोनमध्ये स्लायडर १५ पर्यंत जातो, म्हणजे तीसपटीहून जास्त! पावशेराच्या नेकबँडमधल्या इवल्याशा पडद्याने ती ताकद कुठून आणायची? म्हणून नको ते कमी करा आणि मग एकूण आवाज दोन घरं वाढवा. कानाला तोच फरक पडतो आणि फाटत नाही.

ईक्यू चालू-बंद करून दाखवताना दोन्ही वेळचा आवाज कानाला सारखा वाटेल एवढा करून घ्या. नाहीतर गिऱ्हाईक पुन्हा मोठ्यालाच चांगला म्हणेल, आणि तुम्ही फिरून डीजेच्या डेमोवर याल.

आता सगळ्यात स्वस्त ईक्यू सांगतो. कानात घालायच्या हेडफोनसोबत डब्यात रबराच्या टोप्यांचे दोन-तीन आकार येतात. दहातले नऊ लोक तो डबा घरी नेऊन फेकतात आणि मधल्या आकाराची टोपी तशीच वापरतात. टोपी सैल बसली की बास गळून जातो, मग माणूस ६० चा स्लायडर वर नेतो, मग आवाज फाटतो. बास नाही अशी तक्रार आली तर फोनला हात लावायच्या आधी टोपी बदला. एका बाजूचा आवाज कमी असेल तर जाळी बघा, मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी खालच्या बाजूला धरून साफ करायची, टाचणी घालायची नाही. या दोन कामांत निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटतात, असा माझा दुकानातला अनुभव आहे.

सेटिंग कुठे बसतं तेही माहीत पाहिजे. कंपनीच्या ॲपमधून लावलेलं सेटिंग बहुतेक वेळा हेडफोनमध्येच साठवलं जातं, फोन बदलला तरी राहतं. फोनच्या साउंड सेटिंगमधून लावलेलं त्या फोनपुरतं. आयफोनवर स्पॉटिफायमधला इक्वलायझर फक्त स्पॉटिफायला लागतो. आयफोनच्या म्युझिकमधला तसाच, म्युझिक ॲपपुरता. यूट्यूबच्या ॲपला स्वतःचा इक्वलायझर नाही, म्हणून यूट्यूबवर लेक्चर ऐकणाऱ्याला फोनच्या किंवा हेडफोनच्या सेटिंगमधूनच करून द्यावं लागतं. आणि दोन ठिकाणी एकदम लावू नका. फोनमध्ये डॉल्बी चालू, हेडफोनच्या ॲपमध्ये बास मोड चालू, वरून इक्वलायझर, असे तीन-तीन मसाले पडलेले फोन रोज दिसतात. आधी सगळं बंद, मग एकच चालू.

काही गोष्टी ईक्यूने होत नाहीत. त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, विक्री गेली तरी. कॉलवर आवाज बारीक आणि डबक्यातून आल्यासारखा येतो ही तक्रार घ्या. ब्लूटूथमध्ये हेडफोनचा माइक चालू झाला की फोन गाण्याची मोठी वाट सोडून बोलण्याच्या अरुंद वाटेवर जातो. ईक्यूने ती वाट रुंद होत नाही. तसंच जंगलातल्या गावांत नेटवर्क कमी म्हणून लोक व्हिडिओ सगळ्यात खालच्या दर्जाने उतरवतात. त्यात वरचा बारीक आवाज आधीच कापलेला असतो. १४,००० चा स्लायडर कितीही वर न्या, जे फाइलमध्ये नाही ते येणार नाही. त्यापेक्षा “दादा, वायफाय मिळेल तिथे जरा वरच्या दर्जाने उतरवा” एवढं सांगा.

एखादा म्हणाला की एका कानाने कमीच ऐकू येतं, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ चालू करून द्या; दोन्ही बाजूंचा आवाज दोन्हीकडे येतो. पण ते एक-दोन दिवसांत अचानक झालं असेल तर हेडफोन विकत बसू नका. त्याला आजच ग्रामीण रुग्णालयात पाठवा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर उपचाराला उशीर परवडत नाही. आणि फुल आवाजाची सवय असलेल्या पोरांना बोलायचंच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी हद्द सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. भरतीच्या मेडिकलमध्ये कानही तपासतात, एवढं सांगितलं तरी पोरगं स्वतःहून आवाज कमी करतं.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे. “सर, दहा मिनिटं एका गिऱ्हाइकावर? तेंदूच्या हंगामात काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते.” खरं आहे. तेंदूचा पैसा हातात आला की दोन-तीन आठवडे दुकान भरलेलं असतं. तेव्हा लेक्चर, नाटक, गाणी अशी तीन सेटिंग एका कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवा. दोन मिनिटांत लागतं. बाकीचं बारीक काम, “बाजाराच्या दिवशी दुपारी या, नीट करून देतो.” तो येतो, आणि आला की चार्जर नाहीतर कव्हर घेऊनच जातो.

हिशेबही करून बघा. समजा नेकबँड ९०० ला आणला आणि १,१०० ला विकला, हाती २०० आले. तो “आवाज बरोबर नाही” म्हणून परत आला तर बदलीसाठी गडचिरोलीची एक चक्कर, निदान अर्धा दिवस दुकान बंद किंवा दुसऱ्याच्या भरवशावर. ते २०० गेलेच, वरून पुढच्या दोन नेकबँडची कमाई गेली. आणि डीलर म्हणतो, “यात दोष नाही, परत घेत नाही.” तो खरंच बोलत असतो. त्यापुढे दहा मिनिटं काहीच नाहीत. बीबीएला आम्हाला गिऱ्हाईक टिकवण्यावर एक अख्खा पेपर होता, त्यात हा हिशेब कुठेच नव्हता!

राहिला ऑनलाइन घेतलेल्या हेडफोनचा विषय. पुष्कळ दुकानदार असा माणूस आला की तोंड फिरवतात, “जिथून घेतला तिथे जा.” मला हे पटत नाही. मी त्याला सेटिंग करून देतो आणि ५० रुपये घेतो. पाटी लावलेली आहे, घासाघीस नाही. माझ्या दुकानातून घेणाऱ्याला मात्र फुकट. यामुळे दोन गोष्टी होतात. ऑनलाइनवाल्याला वाचलेले पन्नास रुपये कुठे गेले ते कळतं. आणि माझ्या गिऱ्हाइकाला त्याला काय फुकट मिळालं त्याची किंमत पाटीवर दिसते. काही जण म्हणतात, ५० जास्त होतात, काही म्हणतात १०० घ्या. तुमच्या गावात काय चालेल ते तुम्ही ठरवा, पण पाटी लावून ठरवा, माणूस बघून नको.

शेवटचं काम फार छोटं आहे. लावलेलं सेटिंग डब्याच्या मागे पेनाने लिहून द्या: पाच आकडे, आणि खाली दुकानाचं नाव. फोन रीसेट झाला, घरातल्या लहान पोराने स्लायडर ओढले, की डबा शोधतील आणि आकडे परत टाकतील. पुढच्या व्हिडिओत नेकबँडच्या बॅटरीवर बोलू, सहा महिन्यांत चार्जिंग का उतरतं त्यावर. तोवर हे एका तरी गिऱ्हाइकावर करून बघा.