कानउघाडणी, पण हेडफोनची

मागच्या महिन्यात मी सेकंडहँड हेडफोन घेतले. ओपन-बॅक. कुठलाही रिव्ह्यू उघडा, ओपन-बॅकची आरती चाललेली असते: आवाज मोकळा, कानाला घाम नाही, प्रत्येक वाद्य सुटं सुटं ऐकू येतं. हे सगळं खरं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच डोक्यावर चढवून मी डोंबिवलीला लेडीज डब्यात शिरले. दिवा यायच्या आत समोरच्या काकूंनी हाताने खूण केली. मी हेडफोन काढले, तर म्हणाल्या, ‘गाणं छान आहे गं, पण आम्ही लावायला सांगितलं होतं का?’

अख्खा डबा माझी प्लेलिस्ट ऐकत होता. आणि मला मात्र त्या गर्दीत धड काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी आवाज अजून वाढवत होते.

झालं काय, ते समजून घ्या, कारण पुढच्या वेळी सेलमध्ये दोन-चार हजार घालवण्याआधी हे तुमच्याही कामाचं आहे. हेडफोनमधला पडदा थरथरतो तेव्हा आवाज दोन्हीकडे जातो. पुढे कानात आणि मागे कपात. क्लोज्ड-बॅकमध्ये मागची बाजू बंद असते. आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा फारसा आत येत नाही, आणि बास दणदणीत लागतो. पण मागे अडकलेला आवाज कपाच्या आतच आपटत राहतो, त्यामुळे गाणं जरा डब्यात कोंबल्यासारखं वाटतं. ओपन-बॅकमध्ये मागे नुसती जाळी. मागचा आवाज निघून जातो, म्हणून ऐकायला मोकळं वाटतं. मात्र जाळीतून आवाज बाहेर जातो तसाच आतही येतो.

‘आम्ही कुठे हेडफोन घालतो, आमचे इअरबड्स आहेत,’ असं म्हणू नका. सिलिकॉनचं टोपण असलेले बड्स कानात घट्ट बसतात, म्हणजे ते क्लोज्डच झाले. फोनबरोबर फुकट मिळायचे ते कडक प्लास्टिकचे इअरफोन बरेचसे ओपन होते. म्हणजे निवड आपण सगळ्यांनीच केलेली आहे, फक्त कुणी विचारली नाही. खोक्यावर बॅटरी किती तास आणि बास किती भारी हे मोठ्या अक्षरांत असतं. हे कुठे वापरायचं, ते नसतं.

ओपन-बॅक काही नवीन फॅड नाही. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८मध्ये एचडी ४१४ हा पिवळ्या फोमचा हेडफोन काढला आणि तिथून हा प्रकार रुळला. १९७९मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, त्याच्यासोबतचे हेडफोनही हलके, फोमचे, आरपार ऐकू येणारे. गंमत पुढे आहे. त्या वॉकमनला दोन जणांसाठी दोन जॅक होते आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्यानेच गाणी ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांना काळजी होती म्हणे! आज त्याच सोयीला आपण ट्रान्सपरन्सी मोड म्हणतो आणि तिचे वेगळे पैसे मोजतो.

आता ट्रेनचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला फक्त ५. डोंबिवली ते दादर साधारण एक तास धरा. जाऊन-येऊन दोन, सहा दिवसांचे बारा. खडखडाटावर मात करायला तुम्ही आवाज ८९पर्यंत नेलात, तर सोमवारचे दोन, मंगळवारचे दोन आणि बुधवारी सकाळी दादरला उतरताना आठवड्याचा कोटा संपला. अजून जिम, रात्रीची सिरीज, झोपतानाची गाणी धरलीच नाहीत. काही फोनमध्ये हेडफोनची पातळी डेसिबलमध्ये दिसते. एकदा प्रवासात बघाच.

म्हणून माझं मत, काकूंशी भांडण न करता: लोकलमध्ये क्लोज्डच. मोकळेपणा गेला चुलीत. बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज कमी ठेवता येतो, एवढं एकच कारण मला पुरेसं आहे. पण हे मत ट्रेनमधून पाय खाली टाकेपर्यंतच.

कारण क्लोज्ड कप आणि सिलिकॉनचं टोपण मुख्यतः वरच्या पट्टीतले आवाज अडवतात. नॉइज कॅन्सलेशन अडवतं ते खालचे, एकसुरी आवाज: घरघर, गडगडाट. (ही कल्पना अमर बोस यांना १९७८मध्ये विमानात बसल्यावर सुचली. विमानात रूळ ओलांडायचे नसतात.) दोन्ही एकत्र चालू असले की येणाऱ्या गाडीचा गडगडाटही गेला आणि हॉर्नची धारही गेली. त्यात गाणं चालू असेल तर विषयच संपला. आणि आपल्याकडे पुलाचा वळसा नको म्हणून रुळांवरून जाणारे किती आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी काही जण आज सकाळीच गेले असतील. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली त्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड परवडेल हो. पण कान बंद करून तिथे उभं राहणं हा वेगळाच प्रकार आहे. कुणी मागून ओरडलं तरी ते ऐकू येणार नाही, हाच तर त्या वस्तूचा गुण म्हणून आपण ती विकत घेतली.

‘मग तिथे ओपन घालू का?’ असं एका मित्राने मला खरंच विचारलं. नाही रे बाबा. रुळांवर काहीच नको. मुळात रूळच नकोत.

राहिला प्रश्न ओपन-बॅकचा. ते बनले आहेत शांत खोलीसाठी. रिव्ह्यू करणाऱ्यांकडे अशी खोली असते. आपल्याकडे वन बीएचकेत बाबांच्या बातम्या, कुकरच्या शिट्ट्या आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न असतात, आणि धाकट्या बहिणीची बारावी. स्वतःची खोली नसेल तर ओपन-बॅक घेऊ नका, हे वाक्य मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडलं नाही. पॉडकास्ट रेकॉर्ड करत असाल तरीही नको. हेडफोनमधला आवाज सरळ माइकमध्ये जातो. म्हणूनच स्टुडिओत गायक क्लोज्ड घालून गातात. एडिटिंगला मात्र ओपनसारखं सुख नाही. तासन्‌तास बसलं तरी कान तापत नाहीत आणि कुणी हाक मारली तर ऐकू येते.

माझे ते हेडफोन मी विकले नाहीत. रात्री अकरानंतर बातम्या बंद होतात, रिक्षा कमी होतात, तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याशी बसून मी ते लावते. फ्रिजची घरघर ऐकू येते, ती आता गाण्याचाच भाग झाली आहे. परवा आतून बहिणीचा मेसेज आला: ‘ताई, तिसरं कडवं परत लाव.’