बापाचे नाव, लेकाचा कारभार

गेल्या आठवड्यात ओरोसला एका कार्यालयात गेलो होतो. दाखल्यांची खिडकी यापुढे सोमवारऐवजी गुरुवारी उघडेल, असा कागद त्याच सकाळी दारावर चिकटवलेला. देवगडकडून दोन एसट्या बदलून आलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘ह्यो कसलो तुघलकी कारभार!’ रांगेतले सगळे हसले. रोजा होता, तरी मीही हसलो. परतीच्या एसटीत मात्र तो शब्द डोक्यातून जाईना.

हा तुघलक म्हणजे दिल्लीचा सुलतान महंमद बिन तुघलक. १३२५ ते १३५१ असे त्याने राज्य केले. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. आपण जसे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, तसेच. तुघलक हे त्याचे आडनाव नव्हते, वडिलांचे नाव होते. पुढे इतिहासाच्या पुस्तकांत, विशेषतः इंग्रजीत, तेच साऱ्या घराण्याचे नाव झाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यापासून विशेषण बनवले, मराठीत ‘तुघलकी’ रूढ झाले आणि मधला ‘बिन’ गळून पडला.

गंमत अशी की वडील गियासुद्दीन तुघलक अगदी उलट स्वभावाचे. शेतसारा एकदम वाढवू नका, रयतेला झेपेल तसा हळूहळू वाढवा, अशी त्यांची अधिकाऱ्यांना ताकीद असल्याचे इतिहासकार बरनी सांगतो. मुलाने बापाचे नाव घालवले, असे आपण म्हणतो. इथे ते अक्षरशः घडले.

मुलाच्या वाट्याला दुसरेच विशेषण आले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात, हा सुलतान बुद्धिमान होता खरा, पण त्याला वेडाची झाक होती की काय, अशी शंका घेतली. आमच्या लहानपणी शाळेत तो थेट ‘वेडा महंमद’ होता. गुरुजींनी ते नाव उच्चारले की वर्गातल्या महंमदकडे सगळ्यांच्या माना वळत. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या पोराला तो धडा कधी संपतो असे होई.

तो वेडा होता का? राज्य दक्षिणेत पसरले होते, म्हणून त्याने १३२७ च्या सुमारास मध्यावरचे ठिकाण निवडले: आपल्या महाराष्ट्रातले देवगिरी. त्याचे नाव दौलताबाद ठेवले. चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेचे नाणे काढले. धातूची किंमत नव्हे, तर राज्याचा शब्द हीच नाण्याची किंमत, हा त्यामागचा विचार. आज आपल्या खिशातली नोट त्याच विचारावर चालते. पण नक्कल रोखण्याची सोय त्याने केली नाही. खोटी नाणी बेसुमार झाली, तेव्हा ती परत घेऊन बदल्यात सोने-चांदी दिली आणि खजिन्याला मोठी खोट बसली. दुष्काळात शेतकऱ्यांना विहिरींसाठी, पेरणीसाठी कर्जे दिली. एका हिंदू सरदाराने फिर्याद केली, तेव्हा सुलतान निःशस्त्र, पायी चालत काझीपुढे आरोपी म्हणून उभा राहिला, असे इब्न बतूता लिहितो. त्याच सुलतानाच्या क्रूर शिक्षाही तोच नोंदवतो, आणि त्या झाकण्याचे कारण नाही.

मग चुकले कुठे? इसामी नावाच्या कवीने त्याचे उत्तर लिहून ठेवले आहे. दिल्ली सोडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्याचे आजोबा नव्वद वर्षांचे होते. त्यांनाही निघावे लागले. दिल्लीजवळच्या तिलपतला, पहिल्याच मुक्कामावर, त्यांनी प्राण सोडला. राजधानी कुठे असावी यावर दोन मते असू शकतात. नव्वदीच्या म्हाताऱ्याला प्रवासाला जुंपण्यावर असू शकत नाहीत. बरनी सतरा वर्षे सुलतानाच्या दरबारात होता. आम्ही भीतीपोटी त्याला खरे सांगितले नाही, अशी कबुली तो स्वतःच देतो. हुकूम सुटत गेले, अडवणारा कुणी उरला नाही.

रमजानमध्ये हे अधिकच जाणवते. रोजाचा नियम कडक आहे, पाण्याचा घोटही चालत नाही. पण तोच नियम आजाऱ्याला आणि मुसाफिराला सांगतो, आत्ता राहू दे, नंतर भरून काढ. वयामुळे ज्याला मुळीच झेपत नाही, त्याने एका गरिबाला जेवू घालावे. या सवलती नंतर कुणी काकुळतीने मागून घेतलेल्या नाहीत, त्या नियमाबरोबरच आल्या. नियत चांगली हवीच. पण ज्याला जमणार नाही त्याची आठवण नियम करतानाच झाली पाहिजे. महंमदाच्या हुकुमांत नेमके हेच नव्हते.

हे फक्त सरकारी कार्यालयांना लागू नाही. आमच्या जमातीच्या सभेत, तुमच्या देवस्थानच्या बैठकीत, सोसायटीत, अगदी घरातसुद्धा आपण भल्यासाठी म्हणून निर्णय घेतो आणि ज्याच्यावर तो पडणार त्यालाच विचारायचे विसरतो. म्हणून ‘तुघलकी’ हा शब्द वापरू नका, असे मी म्हणणार नाही. भाषेत रुजलेला शब्द कुणाच्या सांगण्याने जात नाही. वापरताना एवढेच पाहावे, की आपण एका सुलतानाच्या वेडाला हसतो आहोत, की आपल्यातल्याच एका सवयीला.

त्या दारावरच्या कागदात एक ओळ हवी होती: ‘आज आलेल्यांचे काम आज होईल.’ ती नव्हती. काका पुन्हा दोन एसट्या बदलून घरी गेले.