घरातला मोडेम कुणाचा?

बंगळुरूच्या वायव्येस असलेले यशवंतपूर हे एके काळी रेल्वेचे जंक्शन, कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आणि तुमकुरू रस्त्यालगतचे कारखाने यांसाठी ओळखले जात असे. भारतीय विज्ञान संस्था येथून हाकेच्या अंतरावर आहे. मार्च २०१४ मध्ये मेट्रो रेल्वेही येथे पोहोचली. नोकरी आणि शिक्षण यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून बंगळुरूला येणाऱ्या अनेकांचा पहिला मुक्काम शहराच्या अशा भागांतील भाड्याच्या घरात पडतो. घर ठरले, वीज आणि पाणी यांची चौकशी झाली, की पाठोपाठ विषय निघतो तो इंटरनेटचा. आणि तेथे एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहतो : इंटरनेटसाठी लागणारे उपकरण कंपनीकडून भाड्याने घ्यावे, की बाजारातून स्वतः विकत आणावे?

वरवर पाहता हा घरखर्चाचा हिशेब आहे. परंतु गेल्या दोन दशकांतील घटना पाहिल्या तर या छोट्या पेटीच्या मालकीशी ग्राहकाचा निवडीचा हक्क, घराची सुरक्षितता आणि बिघाडाची जबाबदारी असे तीन प्रश्न जोडलेले दिसतात. तांब्याच्या तारेची जागा प्रकाशतंतू घेत असताना या प्रश्नांची उत्तरे नव्याने शोधावी लागणार आहेत.

एक पेटी, दोन कामे

भारतात ब्रॉडबँडची व्याख्या केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणाने केली. सेकंदाला किमान २५६ किलोबिट हा तेव्हाचा निकष होता. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' या नावाने आपली सेवा सुरू केली. दिल्ली आणि मुंबईत महानगर टेलिफोन निगमची 'ट्राय बँड' सेवा होती. या सेवा ज्या तंत्रावर चालत, त्याला डीएसएल म्हणतात. टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेतून आवाजाच्या वर असलेल्या कंपनसंख्येवर माहिती पाठवायची, आणि 'स्प्लिटर' नावाच्या छोट्या जोडणीने घरात आवाज आणि माहिती वेगळी करायची, असे हे तंत्र होय.

यात दोन कामे वेगळी आहेत. तारेवरील संकेतांचे संगणकाला समजेल अशा माहितीत रूपांतर करण्याचे काम मोडेम करतो. ती माहिती घरातील अनेक संगणकांना आणि मोबाइल फोनना वाटून देण्याचे काम राऊटर करतो. वाय-फाय ही त्या वाटपाची बिनतारी सोय आहे. योगायोग असा, की ज्या जानेवारी २००५ मध्ये डेटावन आले, त्याच महिन्यात सरकारने वाय-फायसाठी लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवान्याच्या अटीतून मुक्त केला. पुढे ही दोन्ही कामे करणारी एकच पेटी बाजारात आली. तेव्हापासून मोडेम आणि राऊटर यांतील फरक ग्राहकाच्या मनात पुसट झाला. खरेदीत फसगत होण्याचे ते एक कारण ठरले. नुसता राऊटर आणला तर टेलिफोनची तार जोडायला त्यात जागाच नसते, हे अनेकांना घरी आल्यावर कळत असे.

शिवाय एका शहरातील मोडेम दुसऱ्या शहरात जसाच्या तसा चालत नसे. डीएसएल मोडेममध्ये जोडणीचा मार्ग सांगणारे दोन आकडे भरावे लागत. भारत संचार निगमसाठी ते ० आणि ३५, महानगर टेलिफोन निगमसाठी ० आणि ३२, तर एअरटेलसाठी १ आणि ३२ असे होते. मुंबईहून बदली होऊन बंगळुरूला आलेल्या कुटुंबाने आपला चांगला चालणारा मोडेम सोबत आणला आणि भारत संचार निगमच्या तारेला जोडला, तर एका आकड्याच्या फरकामुळे तो निरुपयोगी वाटे. वास्तविक उपकरणात दोष नसे. कमतरता होती ती माहितीची.

भाडे आणि खरेदी

भारत संचार निगमने सुरुवातीपासून ग्राहकाला पर्याय ठेवले होते. मोडेम दरमहा भाड्याने घेता येई, निगमकडून विकत घेता येई, किंवा स्वतःचा वापरता येई. खासगी कंपन्यांपैकी अनेकींनी पुढे 'मोफत' राऊटरची पद्धत रूढ केली. त्यात परत मिळणारी अनामत रक्कम, ठरावीक मुदतीचा करार किंवा सेवा सोडताना उपकरण परत करण्याची अट असते.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, उपकरणाचे भाडे दरमहा १०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर दोन वर्षांत २,८३२ रुपये जातात. तेवढ्याच क्षमतेचे उपकरण बाजारात करासह २,००० रुपयांना मिळत असेल, तर सतराव्या महिन्यानंतर भाडे हा निव्वळ जादा खर्च ठरतो. बंगळुरूत सदर पत्रप्पा रस्ता, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या बाजारपेठांचा अशा खरेदीतील वाटा मोठा राहिला आहे.

तथापि हा हिशेब अपुरा आहे. भाड्याचे उपकरण बिघडले तर ते बदलून देणे कंपनीवर येते. स्वतःचे बिघडले तर हमीपत्र शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. वळवाच्या पावसातील विजा टेलिफोनच्या तारेतून थेट मोडेमपर्यंत पोहोचू शकतात. त्या नुकसानीचा समावेश हमीपत्रात अनेकदा नसतो. इंटरनेट बंद पडल्यावर 'दोष तुमच्या मोडेमचा' असे कंपनीने आणि 'दोष तारेचा' असे दुकानदाराने सांगितले, तर ग्राहक मध्येच अडकतो. भाड्याने राहणाऱ्या आणि दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या तरुणांना हा अनुभव अधिक येतो.

२०१७ चा धडा

मालकीच्या प्रश्नाची दुसरी बाजू जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात दिसून आली. भारत संचार निगमच्या कर्नाटक दूरसंचार मंडळातील हजारो ब्रॉडबँड मोडेमवर त्या वेळी घातक प्रणालीचा हल्ला झाला आणि ग्राहकांचे इंटरनेट बंद पडले. हल्ल्याचे कारण अतिशय साधे होते. कारखान्यातून बाहेर पडताना मोडेममध्ये 'अ‍ॅडमिन' हेच वापरकर्त्याचे नाव आणि हाच संकेतशब्द असतो. तो बदललाच गेला नव्हता. निगमने ग्राहकांना संकेतशब्द तत्काळ बदलण्याचे आवाहन केले.

हे आवाहन योग्यच होते. पण त्यातून एक प्रश्न निर्माण झाला. कुणी मोडेम भाड्याने घेतला होता, कुणी विकत. जोडणी करून देताना संकेतशब्द बदलण्याची जबाबदारी नेमकी कुणाची होती? ज्येष्ठ नागरिकाच्या घरी तंत्रज्ञ येतो, हिरवा दिवा लागला की निघून जातो. त्या पेटीला स्वतःचा एक संकेतशब्द असतो आणि तो वाय-फायच्या संकेतशब्दाहून वेगळा असतो, हे त्या घरात कुणीच सांगितलेले नसते. अशा वेळी मालकी कागदावर कुणाचीही असली तरी पेटी प्रत्यक्षात बेवारस राहते.

उपकरण कंपनीचे असले म्हणजे सुरक्षित असतेच, असेही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर अशाच हल्ल्याच्या प्रयत्नामुळे कोलमडले. ती उपकरणे कंपनीनेच पुरवलेली होती. परंतु तेथे कंपनीने सुधारित प्रणाली तातडीने उपलब्ध करून दिली. ज्याच्याकडे देखभालीची यंत्रणा आहे, तो चूक लवकर दुरुस्त करू शकतो, हा त्यातील बोध. उलट, सर्वांकडे एकाच बनावटीचे उपकरण असले की एकच दोष सर्वांना एकाच वेळी भोवतो, हाही बोध त्याच घटनेतला.

सानपाड्याची आठवण

महाराष्ट्रातील वाचकांना याहून गंभीर घटना आठवत असेल. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल आला होता. तपासात तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवल्याचे निष्पन्न झाले. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले, पण तोपर्यंत त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

राऊटर विकत घेणे म्हणजे एक वस्तू घेणे एवढेच नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले. आपल्या जोडणीवरून जे घडते त्याचा माग प्रथम आपल्याच दारात येतो.

इतर देशांतील वाट

ग्राहकाने स्वतःचे उपकरण जोडावे की नाही, हा वाद जुना आहे. अमेरिकेत टेलिफोन कंपनी परक्या उपकरणाला आपल्या तारेशी जोडू देत नसे. १९६८ मधील 'कार्टरफोन' निर्णयाने जाळ्याला अपाय न करणारे उपकरण जोडण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य झाला. त्यातूनच पुढे मोडेमची खुली बाजारपेठ उभी राहिली. ग्राहकाने स्वतःचे उपकरण वापरले तरी भाडे आकारण्याच्या प्रथेला अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने मनाई केली. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमांनी आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा हक्क दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून राऊटर निवडीचे स्वातंत्र्य कायद्याने लागू झाले आणि जोडणीसाठी लागणारी माहिती ग्राहकाला न मागता देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. ब्रिटनने सुरक्षेची बाजू सांभाळली. २९ एप्रिल २०२४ पासून तेथे सर्वांना सारखाच, सहज ओळखता येणारा संकेतशब्द घालून अशी उपकरणे विकता येत नाहीत.

भारताचा अनुभव वेगळ्या वाटेने आला. एके काळी टेलिफोन यंत्रसुद्धा सरकारी खात्याचे असे. ते बनवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ही कंपनी १९४८ मध्ये बंगळुरूतच सुरू झाली. आज बाजारात हवा तो टेलिफोन आणि हवा तो मोबाइल फोन घेता येतो, यात कुणाला नवल वाटत नाही. दूरचित्रवाणीच्या सेट टॉप बॉक्सबाबतही दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली, की कोणत्याही कंपनीची सेवा घेता येईल असाच बॉक्स ग्राहकाला मिळावा. हेच तत्त्व घरातील इंटरनेट उपकरणाला लावणे ही पुढची स्वाभाविक पायरी ठरेल.

तांब्याकडून प्रकाशतंतूकडे

हे तातडीचे का आहे? ब्रॉडबँडचा किमान निकष जुलै २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. डीएसएलचा वेग टेलिफोन केंद्रापासूनच्या अंतराबरोबर झपाट्याने घटतो. साहजिकच शहरांत प्रकाशतंतूची जोडणी तिची जागा घेत आहे. मात्र प्रकाशतंतूच्या टोकाला बसणारी पेटी कंपनीच्या केंद्रातील यंत्राशी क्रमांकाने नोंदवावी लागते. दुकानातून आणलेली पेटी नोंदवून घ्यायची की नाही, हे कंपनीच्या हाती राहते. म्हणजे तांब्याच्या काळात ग्राहकाकडे जी निवड होती, ती वेगवान जोडणीच्या काळात आकसण्याची शक्यता आहे.

यातून व्यवहार्य मार्ग आहे. प्रकाशतंतूची पेटी कंपनीची राहू द्यावी आणि ती केवळ रूपांतराचे काम करील अशी 'ब्रिज' पद्धतीने जोडून घ्यावी. वाय-फायचा राऊटर मात्र स्वतःचा असावा. त्यामुळे कंपनी बदलली तरी घरातील व्यवस्था बदलत नाही. खरेदी करताना केवळ वेगाचा आकडा पाहू नये. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील हे विचारावे, आणि जोडल्यावर पहिल्याच दिवशी पेटीचा व वाय-फायचा असे दोन्ही संकेतशब्द बदलावेत.

ज्या घरात हे पाहणारे कुणी नाही, त्या घराने कंपनीचेच उपकरण घेणे अधिक शहाणपणाचे. पण मग त्या भाड्यात देखभाल आली पाहिजे. उपकरणांच्या सुरक्षेचे निकष ठरवणारे दूरसंचार विभागाचे राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्र बंगळुरूतच आहे आणि घरगुती वाय-फाय उपकरणांसाठीही त्याने निकष तयार केले आहेत. निकष विक्रीच्या वेळचे असतात. जोडणीनंतरच्या वर्षांची काळजी कोण घेणार, हे कंपनीच्या करारपत्रात लिहिलेले हवे.

म्हणूनच अपेक्षा तीनच आहेत. जोडणीची तांत्रिक माहिती प्रत्येक कंपनीने मराठी, कन्नड अशा ग्राहकाच्या भाषेत खुली करावी. स्वतःचे उपकरण वापरणाऱ्याकडून भाडे घेऊ नये. आणि उपकरण कंपनीचे असेल तर त्याच्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीने लेखी स्वीकारावी. मालकी निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला पाहिजे. आणि जो मालक, तोच जबाबदार, हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू झाला पाहिजे.