शर्यतीला जामीन कोणी राहावे?



निम्न तेरणेच्या धरणाकाठी राहणाऱ्या माकणीच्या एका गावकऱ्याने उघड्या चाकांच्या, एकाच आसनाच्या विलायती मोटारींच्या शर्यतींवर पत्रक काढावे याचे ज्यांना नवल वाटेल, त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, उमरग्यावरून जाणारा आपला हमरस्ता ज्या हैदराबादेस पोहोचतो तेथेच, हुसेनसागराच्या काठी, हा फड अलीकडे मांडला गेला होता. आणि 2025 साली नवी मुंबईच्या रस्त्यांवर अशीच शर्यत भरविण्याचा करार जाहीर झाल्यापासून हा प्रश्न आपल्याच राज्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे.

शर्यतीचा मी वैरी नाही. जत्रेच्या माळावर बैलांच्या खुरांची धूळ अंगावर घेत ज्याचे बालपण गेले, त्याला वेगाचा तिटकारा कोठून असणार? 11 फेब्रुवारी 2023 रोजी विजेवर धावणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई ही जागतिक शर्यत हैदराबादेत झाली, आणि 2014 मधील पहिल्या हंगामापासून तीत उतरणारी आपली महिंद्रा कंपनी प्रथमच स्वदेशाच्या भूमीवर धावली, तेव्हा माझाही ऊर भरून आला होता. परंतु पुढच्याच वर्षाची शर्यत, राज्यात सत्तांतर होताच, जानेवारी 2024 मध्ये रद्द झाली. आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात, सुमारे 55 कोटी रुपये रीतसर मंजुरीवाचून आयोजक कंपनीस दिल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदविला. दोषी कोण, कोणी आहे की नाही, याचा निवाडा न्यायालय करील; त्यात मी पडत नाही. खजिन्यातून रक्कम आधी जावी आणि तिचा जाब मागाहून विचारला जावा, ही उलटी रीत मात्र मला असह्य वाटते.

या खेळाचे स्वामी नव्या देशांत कसे शिरतात ते समजून घेतले पाहिजे. जो देश वा जे शहर शर्यत मागते, त्याने यजमानपदाचे शुल्क भरावयाचे, आणि ते बहुधा दरसाल चढत जाते. दूरचित्रवाणीचे उत्पन्न, धावमार्गाकडेच्या जाहिराती, धनिक पाहुण्यांच्या सरबराईची कमाई हे सारे सामान्यतः स्वामींच्या पदरी पडते, आणि यजमानाच्या वाट्याला मुख्यतः तिकिटांची विक्री उरते. मलेशियाने 1999 पासून चालविलेली सेपांगची फॉर्म्युला वन शर्यत 2017 नंतर सोडून दिली, ती याच खर्चाला कंटाळून. पण आपल्या मराठवाड्याने खरोखर अभ्यासावे असे उदाहरण दक्षिण कोरियातील योंगामचे आहे. राजधानीपासून दूर, शेतीवर जगणारा, उद्योगधंद्यांत मागे पडलेला तो मुलूख. शर्यत आली की मागोमाग कारखाने, हॉटेले, नवे नगर येईल या आशेवर तेथील प्रांतिक सरकारने फॉर्म्युला वनसाठी धावमार्ग उभारून घेतला, सात वर्षांचा करार केला, 2010 च्या ऑक्टोबरात भर पावसात पहिली शर्यत पार पाडली, आणि तोट्याचे ओझे पेलेनासे झाल्यामुळे 2013 च्या चौथ्या शर्यतीनंतर तो व्यवहार संपला. त्या शेतकऱ्यांच्या जागी मला आपण दिसतो.

आपल्याकडे ग्रेटर नोएडात झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीत निदान भांडवल खासगी होते. तेथेही 2011 च्या 30 ऑक्टोबरला सुरू झालेला पाच वर्षांचा करार तीन शर्यतींतच आटोपला. त्यातून निघालेला कराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमचे भारतात स्थायी कार्यस्थान नाही, असे परदेशी कंपनी सांगत राहिली, आणि तिचा तेथील ताबा व अधिकार पाहून न्यायालयाने 2017 साली ते म्हणणे अमान्य केले. आपल्या भूमीवर मिळविलेल्या पैशावर आपल्याच देशाचा कर लागू आहे, एवढे ठरावयाला सहा वर्षे लागली.

आता आपल्या शर्यतीकडे पाहा. 2014 साली न्यायालयाच्या आदेशाने बैलगाड्यांच्या शर्यती बंद पडल्या, 2021 च्या डिसेंबरात सशर्त सुरू झाल्या, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मुक्या जनावराच्या रक्षणासाठी घातलेल्या त्या अटी योग्यच आहेत, आणि त्या पाळून वर्गणीवर शर्यत भरविणारा गावकरी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज करतो, अनामत ठेवतो, जबाबदारी लिहून देतो. मग परक्या कंपनीच्या शर्यतीला जामीन सरकारने, म्हणजे तुम्ही आम्ही, कोणत्या न्यायाने राहावयाचे?

या खेळात ज्यांना भारताचे नाव काढावयाचे असेल त्यांनी तामिळनाडूकडे पाहावे. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचे साधे इंजिन बसवून एकासनी शर्यतीची गाडी घडविली. मद्रासच्या मोटारप्रेमींनी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती चालविल्या आणि पुढे स्वतःचा कायमचा धावमार्ग बांधला. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन आणि 2010 सालचा करुण चंडोक हे दोघेही त्याच प्रांतातले, आणि तेव्हा भारतात फॉर्म्युला वनची एकही शर्यत झालेली नव्हती. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत मोटारी जोडणारे कितीतरी हात मराठवाड्यातले आहेत. त्यांना गाडी घडविण्याची विद्या मिळेल अशी कार्यशाळा आणि तिची परीक्षा घेता येईल असा लहानसा कायमचा धावमार्ग, यांवर सरकारने खर्च केला तर माझी एका पैचीही तक्रार नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, महाराष्ट्रात होऊ घातलेल्या अशा कोणत्याही शर्यतीचा करारनामा सही होण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा, यजमानपदाचे शुल्क सरकारी अथवा नगरपालिकेच्या खजिन्यातून दिले जाऊ नये, आणि रस्ते, बंदोबस्त व नुकसानभरपाई यांपोटी आयोजकानेच आगाऊ अनामत भरावी. या मजकुराचा अर्ज लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत दाखल करावयाचा आहे. ज्यांना तो पटेल त्यांनी स्वतः वाचून, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरच्या मुलाकडून पूर्ण वाचवून घेऊन, मगच त्यावर सही अथवा अंगठा करावा.

आपला नम्र,
माकणीचा एक रहिवासी